कडेचं कुठं गेलं?

मामांनी त्यांच्या पावसाच्या वह्यांच्या पुस्तकाची डमी, म्हणजे छपाईआधीची नमुना प्रत, हातात घेतली, मधोमध उघडली, चार पानं पुढे गेले, दोन मागे आले. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "झालंय झ्याक. पण पोरी, कडेचं कुठं गेलं?"

"खाली घेतलंय मामा. हा बारीक आकडा आहे ना, त्याच आकड्याची टीप पानाच्या तळाशी बघा."

त्यांनी तळाशी पाहिलं, टीप वाचली, मान डोलावली. पण आर्द्रा नक्षत्राच्या ज्या ओळीवर त्यांचं बोट होतं, तिथून ते सावकाश डावीकडे सरकत गेलं आणि कागदाच्या कडेला, कोऱ्या जागेवर, थांबलं. पुढे ते काही बोलले नाहीत. मी डमी पिशवीत घातली. पुण्याला परतताना एसटीत माझ्या लक्षात येत गेलं की, आता टिपा हलवून भागणार नाही, पानच पहिल्यापासून आखावं लागणार.

माण तालुक्यात माझं आजोळ. बाहत्तरच्या दुष्काळात मामांनी खडी फोडली होती, आणि पुढच्या साली पाऊस आला तेव्हा तो किती आला हे लिहून ठेवायचं त्यांनी मनाशी ठरवलं. १९७३ ते २०२२, पन्नास पावसाळे. साध्या दोनशे पानी वह्या, उभी लाल रेघ असलेल्या. रेघेच्या उजवीकडे तारीख, नक्षत्र, पाऊस आणि विहिरीचं पाणी. सुरुवातीची वर्षं पाऊस शब्दांत आहे: शिंतोडे, भुरभुर, बरा, झोडपून, ओढा वाहिला. पुढे पर्जन्यमापक मिळाल्यावर मिलिमीटर आले. विहीर मात्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत परस या खोलीच्या जुन्या मापात मोजलेली आहे. दीड परस, पाऊण परस, "तळ दिसतो". नक्षत्रंही घरच्याच नावांची. पुनर्वसूला तरणा आणि पुष्याला म्हातारा.

रेघेच्या डावीकडे, म्हणजे समासात, बाकी सगळं. "ढवळी गाभण." "थोरलीला बघायला आले." ३० सप्टेंबर १९९३ च्या ओळीला लागून: "पहाटे भांडी वाजली. किल्लारीचं दुपारी कळलं." २१ सप्टेंबर १९९५: "गणपती दूध पितो म्हणून गाव देवळात. पाऊस नाही."

हे सगळं मी तळटीपांत घातलं होतं, कारण डेमी या पुस्तकांच्या नेहमीच्या आकाराचं पान लहान पडतं. कापल्यावर साधारण १४० बाय २१६ मिलिमीटर. त्यात बांधणीची बाजू आणि अंगठ्याची बाजू सोडली की मजकुराला शंभर मिलिमीटर उरतात. समासात टिपा घालायला जागाच नव्हती, म्हणून त्या खाली ढकलल्या. व्याकरणाच्या पुस्तकात ते चाललं असतं. पण मामांच्या वहीत पाऊस आणि ढवळी एकाच ओळीवर होते. ज्या दिवशी सोळा मिलिमीटर पडला त्याच दिवशी ती व्याली, हे एका नजरेत दिसत होतं. माझ्या पानावर ते दिसायला आधी आकडा शोधा, मग खाली उतरा, मग परत वर या. त्यांचं बोट कडेला का गेलं ते मला एसटीत कळलं.

हे पुस्तक मी लाटेक या अक्षरजुळणीच्या संगणक-प्रणालीत लावत होते. मी संख्याशास्त्र शिकवते, प्रबंध लाटेकमध्येच लिहिला होता, त्यामुळे हात तिथे बसला आहे. ज्यांनी ते पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. काम करताना समोर पान नसतं. असतो साधा मजकूर, आणि त्याच्या डोक्यावर पानाबद्दलच्या सूचना: कागद इतका रुंद, इतका उंच, आतला समास इतका, बाहेरचा इतका. फाइल चालवली की पीडीएफ तयार होते. आवडली नाही तर पानाला हात लावता येत नाही, पुन्हा वर जाऊन आकडा बदलायचा. डीटीपीत चौकट माउसनं धरून जराशी ओढली की झालं. इथे 'जराशी' चालत नाही. जराशी म्हणजे किती मिलिमीटर ते सांगावं लागतं, आणि एकदा सांगितलं की पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तेच लागू होतं. मला ही शिस्त मनापासून आवडते. पन्नास वर्षं रोज सकाळी एकाच जागी उभं राहून पाऊस मोजणाऱ्या माणसाच्या पुस्तकाला तीच शोभते असं मला वाटतं.

या सगळ्याच्या मुळाशी असलेलं टेक हे संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांचं. १९७७ मध्ये त्यांच्या 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग'च्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती निघत होती. आधीची आवृत्ती धातूच्या खिळ्यांनी जुळवलेली, नवी प्रुफं फोटोटाइपसेटिंगची, म्हणजे प्रकाशानं फिल्मवर उमटवलेल्या अक्षरांची. ती त्यांना इतकी कुरूप वाटली की, पुस्तक बाजूला ठेवून ते अक्षरजुळणीची प्रणालीच लिहायला बसले. वर्षभराचं काम समजून घेतलं होतं, त्यात जवळपास दहा वर्षं गेली. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी ऐंशीच्या दशकात त्यावर लाटेक उभारलं. देवनागरीसाठी आज आपण जे झीटेक वापरतो ते जोनाथन क्यू यांनी २००४ मध्ये आणलं, आणि तेव्हापासून युनिकोडमधलं मराठी थेट फाइलीत लिहिता येऊ लागलं.

क्नुथ यांनी मापाचं सर्वात लहान एकक ठरवलं ते पॉइंट या छपाईतल्या मापाचा ६५,५३६ वा भाग. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी अशा सुमारे शंभर एककांइतकी भरते. डोळ्याला कधीच दिसणार नाही इतकं बारीक माप, फक्त बेरजा करताना कुठेही चूक साचू नये म्हणून. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले होते.

पण याच टेकमध्ये एक इंच लपलेला आहे. नवखा माणूस डावा समास शून्य असं लिहितो आणि छापून बघतो, तर मजकूर कडेपासून इंचभर आत. शून्य लिहूनही इंच कुठून आला? टेक पान मोजायला सुरुवात करतं तेच कागदाच्या वरच्या आणि डाव्या कडेपासून एक इंच आत. सगळे समास त्या बिंदूपासून धरायचे. म्हणजे ऑडसाइडमार्जिन, इव्हनसाइडमार्जिन, टॉपमार्जिन या जुन्या आकड्यांत मनातल्या मनात २५.४ मिलिमीटर मिळवत राहायचे. प्रबंधाच्या वेळी मी यात तीन रात्री घालवल्या होत्या. हिदेओ उमेकी यांचं जिऑमेट्री नावाचं पॅकेज, म्हणजे लाटेकला जोडायची तयार सोय, त्या इंचाचा हिशेब स्वतःच करतं. त्याला सरळ म्हणायचं, आत २०, बाहेर २०, वर २२. काहीच सांगितलं नाही तर दोन बाजूंच्या छपाईत ते आतला आणि बाहेरचा समास दोनास तीन ठेवतं, वरचा आणि खालचाही दोनास तीन. उघड्या पुस्तकात आतले दोन समास शेजारी येतात आणि मिळून एक पट्टा दिसतो, म्हणून आतला लहान. पण हे शिलाईच्या, सपाट उघडणाऱ्या पुस्तकासाठी झालं. आपल्याकडे बहुतेक पुस्तकांना आता गम बाइंडिंग असतं, आणि ते आतले पाच-सहा मिलिमीटर गिळतं. त्यासाठी बाइंडिंगऑफसेट वेगळा द्यावा लागतो. पुस्तक वाचताना पाठीचा कणा मोडेपर्यंत ते दाबून धरावं लागत असेल, तर कुणीतरी तो एक आकडा भरलेला नाही.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. माझ्या घरच्या प्रिंटरवर पान नेहमी थोडं लहान येई. शेवटी फाइलीत शंभर मिलिमीटरची एक रेघ काढली, छापली आणि पट्टी लावली, तर सत्त्याण्णव. पान कागदात 'बसवून' छापण्याची सोय प्रिंटरनं परस्पर लावून घेतली होती. तेव्हापासून प्रत्येक डमीच्या पहिल्या पानावर ती रेघ असते.

आजोळी देवघरात दासबोध आहे. मामा रोज वाचतात. दुसऱ्या खेपेला मी नुसत्या समासाबद्दलच बोलत होते, तर ते म्हणाले, "समर्थांनी लिहिलंय की ते." आणि एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास उघडून माझ्यापुढे ठेवला. लेखन कसं करावं याचं निरूपण. पाठांतरात येत नसल्यामुळे असेल, पण मी ते कधी वाचलं नव्हतं. त्यात समर्थ सांगतात की, पानाच्या भोवती जागा सोडून द्यावी आणि मधेच चमचमीत लिहावं. कागद झडला तर खुशाल झडू दे, अक्षराला धक्का लागता कामा नये.

समास कशासाठी, याचं इतकं व्यवहारी उत्तर मी कुठल्याच मांडणीच्या पुस्तकात वाचलेलं नाही. पान कडेकडून मरतं. बोटं तिथेच लागतात, ओल तिथूनच शिरते, उंदीर तिथूनच सुरुवात करतो. मामांनी कडेला लिहिलं होतं, आणि म्हणूनच कडेच्या बऱ्याच ओळींची पहिली दोन-तीन अक्षरं गेलेली होती. "...ळी व्याली" यातली कोण व्याली ते मामांना विचारावं लागलं. त्यांना आठवलं. सगळीकडे आठवलं नाही. वहीत तशी एकोणीस ठिकाणं आहेत, तिथे मी पुस्तकात तीन टिंबं ठेवली आहेत.

त्याच समासात ओळींबद्दलही आहे. पान शिशानं आखून घ्यावं, त्यावर नेमकं लिहावं, ओळींमधलं अंतर कुठे कमी कुठे जास्त होऊ नये. ओळीला ओळ लागू नये, वरच्या ओळीतलं लांबलेलं अक्षर खालच्या ओळीला टेकू नये. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला, कारण आदल्या आठवड्यात मी नेमकी याच दुखण्याशी झगडत होते. रोमन लिपीला जेवढं ओळीचं अंतर पुरतं, तेवढं आपल्याला पुरत नाही. आपल्या डोक्यावर रफार, वेलांटी, अनुस्वार एकावर एक बसतात आणि पायाशी उकार लोंबतो. 'ट्ठू' सारखं खोल अक्षर वरच्या ओळीत आलं आणि बरोबर त्याच्या खाली 'र्कीं' सारखं उंच आलं, की अंतर कमी पडतं. टेकमध्ये अशा वेळी ओळी एकमेकींवर चढत नाहीत. टेक तेवढीच एक ओळ गुपचूप खाली ढकलतं. मग पानावर सत्तावीस ओळी समान आणि एक लांब. कारण कळत नाही, पण डोळा तिथे अडखळतो. इलाज एकच, आधीच पुरेसं अंतर द्यायचं. मी १२ पॉइंटच्या अक्षराला १९ पॉइंटांवर येऊन थांबले. १७ ला अडखळत होतं, १८ ला दोनच जागी. त्या दोन जागांसाठी मी सगळ्या पुस्तकाचं अंतर एका पॉइंटनं वाढवलं आणि मला त्याचं अजूनही समाधान आहे.

शीर्षकपट्टीचंही तेच. पानाच्या माथ्यावर साल छापायचं तर देवनागरी तिथेही उंच होते आणि हेडहाइट, म्हणजे माथ्याच्या पट्टीची उंची, कमी पडतंय अशी तक्रार प्रत्येक पानाला येते. आकडा वाढवला की थांबते, एवढंच. टंकाला, म्हणजे फॉन्टला, भाषा मराठी आहे हेही न विसरता सांगावं. टंकात सोय असली तर त्या एका शब्दानं ल पाकळीचा होतो आणि श देठाचा. नाहीतर हिंदी वळणाचा ल येतो, आणि मराठी वाचकाला पानात काहीतरी परकं वाटत राहतं, काय ते सांगता येत नाही.

तर नवं पान.

डेमी सोडली. दिवाळी अंकांचा क्राउन चतुर्थांश घेतला, कापून १८० बाय २४०. आत बांधणीसकट २२, मजकूर १०८, बाहेर ५०. या ५० मध्ये मजकुरापासून ५ मिलिमीटर मोकळे, मग ३६ मिलिमीटरची टिपांची पट्टी, आणि तिच्या पलीकडे ९ मिलिमीटर पुन्हा कोरे. ते नऊ मिलिमीटर समर्थांचे. मामांचं लिखाण कडेला यायला हवं होतं आणि तरी कागद झडताना अक्षर झडायला नको होतं. उभ्या अंगाला २८ ओळी. उंची मिलिमीटरमध्ये न सांगता ओळींत सांगितली, म्हणजे अर्धी ओळ शिल्लक उरून लाटेक ती कुठेतरी वाटत बसत नाही.

प्रत्येक सालाला समोरासमोरची दोन पानं द्यायची ठरलं. सबंध पावसाळा पान न उलटता दिसला पाहिजे, डावीकडे मृग ते आश्लेषा आणि उजवीकडे मघा ते स्वाती. लाटेकला मात्र नवं प्रकरण उजव्या पानावर सुरू करायची सवय. डाव्या पानापर्यंत जाऊन थांब, असा हुकूम वेगळा लिहून द्यावा लागला. साल माथ्यावर बाहेरच्या कोपऱ्यात, डाव्या पानावर डावीकडे, उजव्यावर उजवीकडे, अंगठ्यानं पानं सोडत गेलं तरी सापडेल असं. पृष्ठांक देवनागरीत.

टिपा आपोआप बाहेरच्या बाजूला जातात, ती सोय लाटेकमध्ये आहे. छत्तीस मिलिमीटरच्या पट्टीत त्या दोन्ही बाजूंनी सरळ कापल्या तर शब्दांमध्ये खिंडारं पडतात, म्हणून उजवी बाजू मोकळी सोडली. डाव्या पानावर टिपा मजकुराच्या बाजूनं सरळ कराव्यात असा सल्ला मला एका मित्रानं दिला होता. करून पाहिलं. देखणं दिसतं, पण प्रत्येक ओळ वेगळ्या जागी सुरू होते आणि वाचणाऱ्याला दर ओळीला डोळा शोधत न्यावा लागतो. सोडून दिलं.

मग १९८८ आलं. त्या साली मामी आजारी होत्या. पंधरा दिवसांत समासात अकरा नोंदी, एकेका ओळीला दोन-दोन. एका टिपेखाली दुसरीला जागा नसली की लाटेक दुसरी खाली सरकवतं आणि चालवताना निमूट एक ओळ लिहून टाकतं: या पानावरची टीप हलवली आहे. मी ती सूचना आधी वाचलीच नव्हती. प्रुफात पाहिलं तेव्हा "साताऱ्याला नेलं" ही नोंद १२ ऑगस्टच्या ओळीला असायची ती १५ ऑगस्टशेजारी जाऊन बसली होती. पानावर चूक काहीच दिसत नव्हती. पण मामींना साताऱ्याला नेलं ते १२ ऑगस्टला, आणि त्या दिवशी झोडपून पाऊस होता, ओढ्याला पाणी होतं, बैलगाडी अडली होती. हे त्या दोन नोंदी एका ओळीवर असल्याशिवाय कळणार कसं? तेवढ्या सालापुरतं टिपांचं अक्षर एका पॉइंटनं लहान केलं, पाऊस नसलेल्या दिवसांच्या ओळींमध्ये थोडी हवा सोडली, आणि एकेक नोंद जागेवर येईपर्यंत फाइल चालवत राहिले. किती वेळा ते मोजलं नाही. पहाटे अकराही नोंदी आपापल्या तारखेला लागल्या.

दुसरी डमी मामांना दाखवली तेव्हा त्यांनी आधी तेच साल काढलं. बोट १२ ऑगस्टवर ठेवलं, डावीकडे नेलं. तिथे नोंद होती. पुस्तक मिटून त्यांनी ते दोन्ही हातांत धरलं.

छापखान्यात सोळा पानांचा एक फॉर्म. सुरुवातीची नऊ पानं, पन्नास सालांची शंभर, एकूण एकशे नऊ. सात फॉर्मची एकशे बारा होतात. शेवटचं पान मुद्रणाच्या माहितीला गेलं तरी ११० आणि १११ ही समोरासमोरची दोन पानं कोरी उरत होती. छापखान्यातल्या माणसानं तिथे जाहिरात घ्या असं सुचवलं. मी त्या दोन पानांवर बाकीच्या सालांसारखाच तक्ता छापला. नक्षत्रांची नावं, आखलेल्या ओळी, कडेला छत्तीस मिलिमीटरची रिकामी पट्टी आणि कोपऱ्यात २०२३. कागद गुळगुळीत न घेता साधा मॅपलिथो घेतला, पेननं लिहिलं तर शाई धरणारा.

पुस्तक मेमध्ये आलं. त्या साली पावसानं ओढ दिली. सबंध देशात १९०१ पासूनचा सर्वात कोरडा ऑगस्ट तो. दिवाळीत आजोळी गेले तर मामांची प्रत ओट्यावरच्या फळीवर होती. २०२३ ची दोन पानं उघडली. मघा, पूर्वा, रकान्यांमधून एकाखाली एक, त्यांच्या सरळ उभ्या अक्षरात निळ्या शाईनं: निरंक, निरंक, निरंक. विहीर: तळ दिसतो. आणि कडेला, पट्टीच्या बरोबर मधोमध, नऊ मिलिमीटरची हद्द न ओलांडता: "पाऊस नाही. कागद चांगला आहे."